बाळाला मांजराचं नख लागलं: टीटी हवं की रेबीजची लस?

घरच्या कुत्र्याचा दात किंवा मांजराचं नख बाळाला लागलं की नागपूरच्या घरांत कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "आपलंच तर जनावर आहे जी, टीटी लावून आणा, झालं." बोलणाऱ्याला बाळाची काळजीच असते. पण त्या एका वाक्यात दोन वेगळे आजार एकमेकांत मिसळतात, आणि ज्याला जास्त भ्यायला हवं तोच मागे राहून जातो.

टीटी धनुर्वातासाठी असतं, रेबीजची लस रेबीजसाठी. एकीचा दुसऱ्या आजारावर काडीचाही उपयोग होत नाही. आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर परिस्थिती घरच्यांच्या समजुतीच्या नेमकी उलट असते. जे इंजेक्शन ते मागत असतात त्याचं संरक्षण बाळाला बहुतेक वेळा आधीच मिळालेलं असतं. ज्याचं कुणी नाव काढत नाही, त्याचं अजिबात नसतं.

हे पडताळायला दवाखान्यात जायचीही गरज नाही. कपाटातलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि लसीकरणाचं पान उघडा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या रकान्यांत पेंटाव्हॅलंट लिहिलेलं दिसेल. या एका इंजेक्शनात घटसर्प, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी आणि हिब (बाळांना न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) यांच्यासोबत धनुर्वाताचीही लस असते. पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, मग ५ ते ६ वर्षांच्या वयात दुसरा. बाळ सहा आठवड्यांचंही नसेल, तर आईने गरोदरपणी घेतलेल्या इंजेक्शनातून तयार झालेलं संरक्षण वारेतून त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. ते इंजेक्शन पूर्वी टीटी होतं, आता सरकारी दवाखान्यांत त्याच्या जागी टीडी (धनुर्वातासोबत घटसर्पाचीही लस) देतात. आईला दिलेली इंजेक्शनं आणि स्वच्छ बाळंतपण, या दोन गोष्टींच्या जोरावर बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं. एकेकाळी नाळ कापताना धनुर्वात होऊन किती बाळं गेली, हे आपल्या आज्यांना विचारा. टीटीवर त्यांचा एवढा विश्वास का, ते कळेल.

आता त्याच पानावर रेबीज शोधा. सापडणार नाही. राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात ती लस नाहीच. म्हणजे कार्ड शेवटच्या रकान्यापर्यंत भरलेलं असलं तरी रेबीजपुरतं बाळ उघडंच. अशा वेळी फक्त टीटी टोचून घरी येणं म्हणजे पुढच्या दाराला दुसरं कुलूप लावून मागचं दार सताड उघडं ठेवण्यासारखं आहे.

घोटाळा होतो तो का

दोन्ही आजार जखमेतून शिरतात, दोन्ही मज्जातंतूंची वाट धरतात, दोन्हींत शरीराला आचके येतात, आणि दोन्हींची दहशत पिढ्यान् पिढ्या आहे. पण आत जे घडतं ते वेगळं असतं.

धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत, शेणात सुप्त बीजाणूंच्या रूपात पडलेले असतात. खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत ते जागे होतात. जंतू जखमेतच राहतात. त्यांनी सोडलेलं विष मज्जातंतूंतून वर चढतं. साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आवळतो, अंग ताठरतं, पाठ धनुष्यासारखी वाकते. ज्याला आधी लस मिळालेली आहे त्याच्या रक्तात हे विष निकामी करणारी प्रतिपिंडं तयारच असतात. म्हणून इथे सगळा भर जखम होण्याआधी घेतलेल्या डोसांवर असतो. कुत्रा-मांजर चावल्याची जखम मळकी मानली जाते, तरीही पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस वेळेवर झालेल्या बाळाला वेगळ्या टीटीची गरज बहुधा पडत नाही. एखादा डोस राहिला असेल, तर डॉक्टर तो त्याच वेळी देतील. कार्ड सोबत न्यायचं ते यासाठी.

रेबीजमध्ये जखमेतून आत जातो तो स्वतः विषाणूच. आजारी जनावराच्या लाळेत तो असतो, मज्जातंतू पकडतो आणि मेंदूकडे निघतो. बहुतेक वेळा या प्रवासाला दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरात, तर कधी वर्षभराने लक्षणं दिसतात. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण त्याच्या या संथपणामुळेच आपल्याला संधी मिळते: चावल्यानंतर लस दिली तरी विषाणू मेंदूत पोचण्याआधी शरीर प्रतिपिंडं बनवू शकतं. बाळाच्या बाबतीत एक गोष्ट वाईट आहे. रांगणाऱ्या बाळाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा डोक्यावर बसतो, आणि तिथून मेंदू फार लांब नसतो.

रेबीजची लस टाळण्यामागे आणखी एक जुनी भीती असते: पोटात चौदा इंजेक्शनं. ती भीती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस तशीच द्यायचे. तिचं उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबलं. आजची लस वेगळी आहे. सरकारी केंद्रांत ती बहुतेक ठिकाणी कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. शून्य म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. दोन वर्षांखालच्या मुलांना ती मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात टोचतात, कुल्ल्यावर कधीही नाही. आणि तान्ह्या बाळाचा डोस मोठ्या माणसाएवढाच असतो, त्यामुळे "एवढ्याशा जिवाला एवढी लस?" म्हणून घाबरू नका. त्याच आठवड्यात कार्डावरचं नेहमीचं लसीकरण आलं असेल, तर दोन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात. सर्दी-खोकल्यासाठीही रेबीजची लस पुढे ढकलायची नाही.

"चावलं नाही, फक्त चाटलं"

बाळांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश.

अखंड कातडीवर चाटणं, जनावराला हात लावणं, खाऊ घालणं, यात रेबीजचा धोका नाही. साबणाने धुवा, लस लागत नाही. कातडीवर हलका दात लागला किंवा रक्त न येता ओरखडा उठला, तर लस लागते. रक्त आलं, दात आत रुतला, किंवा जनावराची लाळ फुटलेल्या कातडीला अथवा तोंड, डोळे, नाक यांच्या ओल्या आवरणाला लागली, तर लसीसोबत सीरमही (आयत्या संरक्षणाचं वेगळं इंजेक्शन) लागतं.

तान्ह्या बाळाची कातडी कुठे कुठे फुटलेली असते, ते बघा. न सुकलेली नाळ. बारशाच्या वेळी टोचलेले कान. लंगोटाखाली उठलेलं लालभडक पुरळ. दात येताना लाळ गळून हनुवटीखाली सोललेली जागा. स्वतःच्याच नखाने गालावर काढलेली रेघ. मोठ्या माणसाला कुत्र्याने हात चाटला तर सोडून देता येतं. बाळाचं तोंड चाटलं तर तो सरळ तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर प्रकारात मोडणारा संपर्क आहे. "प्रेमाने चाटलं" हे खरंच असतं, पण विषाणूला ते कळत नाही.

मे महिन्यात हे जास्त सांभाळावं लागतं. ४५ अंशांच्या दुपारी सगळं घर कूलरच्या खोलीत गोळा होतं. बाळ सतरंजीवर, कुत्रा त्याच थंड फरशीवर हातभर अंतरावर, आणि आईचाही डोळा लागलेला. झोळी इतकी खाली बांधू नका की कुत्र्याचं तोंड तिच्यात पोचेल. त्या खोलीत दोघांसोबत जागं मोठं माणूस नसेल, तर कुत्र्याला दाराबाहेर ठेवा. तो गरीब आहे, वर्षानुवर्षांचा आहे, हे मान्य करूनही मी हेच म्हणेन. झोपेत असलेल्या कुत्र्याच्या अंगावर बाळ पडलं तर सर्वांत गरीब कुत्राही दचकून तोंड फिरवतो.

आधी नळ, मग गाडी

टीटी आणि रेबीज या वादात पडण्याआधी जखम धुवायची. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. म्हणून या धुण्याला अर्ध्या उपचाराएवढं महत्त्व आहे. धनुर्वाताचे बीजाणू साबणाने मरत नाहीत, पण मातीबरोबर वाहून जातात. धुण्याने दोन्हीकडे फायदाच.

रडणाऱ्या बाळाला धरून १५ मिनिटं फार लांबतात. दोन मिनिटांत आईचा जीव कासावीस होतो आणि नळ बंद होतो. म्हणून एकाने बाळाला मांडीवर आडवं धरावं, दुसऱ्याने पाणी घालावं आणि तिसऱ्याने घड्याळ बघावं. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते थेट बाळाच्या अंगावर घेऊ नका. सावलीतल्या बादलीतलं पाणी तांब्याने एकसारखं ओता. थंडीत कोमट करून घ्या. डोळ्यात लाळ गेली असेल तर तिथे साबण नाही, नुसतं स्वच्छ पाणी. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायला हरकत नाही. हळद, चुना, तिखट, तेल, राख यांतलं काहीही लावायचं नाही. त्याने जखम चिघळते आणि साफ करायला जास्त रगडावं लागतं. घट्ट पट्टीही बांधू नका. टाके घालायची घाई डॉक्टरही टाळतात.

मग निघायचं. लस महापालिकेच्या दवाखान्यांतही मिळते, पण सीरम प्रत्येक छोट्या ठिकाणी असेलच असं नाही. चेहऱ्यावर चावा असेल किंवा रक्त आलं असेल, तर वेळ न घालवता मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची मोठी सरकारी रुग्णालयं, गाठा. सीरम म्हणजे आयती प्रतिपिंडं. लसीतून शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तोवर जखमेच्या जागी विषाणूला अडवायचं काम हे सीरम करतं. लसीचा डोस वजनावर ठरत नाही, सीरमचा ठरतो: माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोला २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर ४०. सहा किलोच्या बाळाला म्हणजे १२० किंवा २४० युनिट. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. बघताना काळीज फाटतं, तरी ते करू द्या. पहिल्या दिवशी मिळालंच नाही, तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर नाही.

"पण आमच्या कुत्र्याचं लसीकरण झालंय," हा पुढचा मुद्दा. झालंच पाहिजे: तीन महिन्यांचा झाला की पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तसा बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात हे चुकवायला कारण नाही. पण कुत्र्याची लस हे बाळाचं संरक्षण नव्हे. डोस चुकलेला असतो, लस लागू पडलेली नसते, मांजर रात्री गच्च्यांवरून फिरून कुणाशी भांडून आलेलं असतं. त्याचं लसीकरणाचं पुस्तक डॉक्टरांना दाखवा, निर्णय त्यांना घेऊ द्या. पाळीव कुत्रा-मांजराच्या बाबतीत दहा दिवस लक्ष ठेवायची पद्धत आहे, कारण लाळेत विषाणू आलेला असेल तर ते जनावर दहा दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर डॉक्टर उरलेले डोस थांबवू शकतात. मात्र हे दहा दिवस लस सुरू करून मोजायचे, लस न घेता वाट बघत बसायचं नाही.

घरातला उंदीर चावला तर हिशोब बदलतो. आपल्याकडे उंदीर, खार, ससा यांच्या चाव्यानंतर रेबीजची लस सहसा लागत नाही. तिथे धनुर्वात आणि जखम पिकणं हेच बघायचं असतं, म्हणजे टीटीचा प्रश्न तिथे बरोबर आहे. माकड किंवा वानराने ओरबाडलं तर मात्र रेबीजची लस हवीच, आणि दहा दिवस लक्ष ठेवायचा नियम त्याला लागू नाही.

घरात प्राणी आहे आणि तो राहणारच आहे, तर बालरोगतज्ज्ञांना चावण्याआधीच्या लसीबद्दल विचारा. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस. नंतर कधी चावलंच, तर जखम धुवायची आणि ० व ३ या दिवशी दोनच डोस. सीरम टोचावं लागत नाही. सीरमची सुई जखमेत जाताना ज्यांनी आपल्या बाळाला धरून ठेवलंय, त्यांना याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

चावल्यानंतरचे डोस चालू असताना बाळंतीण माहेरी जाते, बाळ उमरेडला किंवा सावनेरला जातं, आणि २८ व्या दिवसाचा डोस राहतो. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि लसीचा कागद बाळासोबत पाठवा. त्यावर लस कातडीत दिली की स्नायूत, हे लिहून घ्या. पुढच्या दवाखान्यातल्या सिस्टर पहिल्यांदा तेच विचारतील.