‘बसा दोन मिनिटं, मागवून देतो’

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एखादा एमसीबी (वीज आपोआप तोडणारा छोटा स्विच) मागितला आणि दुकानात नसला, तरी मालक ‘नाही’ म्हणत नाही. ‘बसा दोन मिनिटं’ म्हणत पोऱ्याला चिठ्ठी देतो. चार दुकानं पलीकडून डबी येते, चिठ्ठी तिकडे खिळ्याला अडकते, हिशेब संध्याकाळी. गिऱ्हाईक टिकलं, आणि तोच माल दोघांना भरून ठेवावा लागला नाही.

ही चिठ्ठी गणितात यायला बराच वेळ लागला. 1913 मध्ये फोर्ड हॅरिस यांनी एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र मांडलं, पण मागणी ठरलेली धरून. मागणी बेभरवशाची असते हे 1951 मध्ये केनेथ ॲरो आणि सहकाऱ्यांनी हिशेबात घेतलं. क्लार्क आणि स्कार्फ यांनी 1960 मध्ये कारखाना ते डेपो ते दुकान अशी उभी साखळी सोडवली. शेजारच्या गोदामातून आडवा माल फिरवण्याचं गणित कृष्णन आणि राव यांनी 1965 मध्ये केलं: मागणी कळल्यावर, पण गिऱ्हाईक हातचं जाण्याआधी. पोऱ्याची दोन मिनिटं ती हीच!

फायदा किती, ते 1979 मध्ये गॅरी एपेन यांनी वर्गमुळात दाखवलं. चार शाखा अडीअडचणीसाठी प्रत्येकी 20 नग जास्तीचे ठेवत असतील, तर 80 होतात. साठा एकत्र केला तर तेवढाच भरवसा 40 नगांत मिळतो: चारचं वर्गमूळ दोन, म्हणून 20 ची चौपट नाही, दुप्पट. अट एकच, चौघांची मागणी एकदम वर-खाली होता कामा नये.

आपल्याकडे मात्र साठा कुठे ठेवायचा हे कित्येक वर्षं करच ठरवत होता. 1956 च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यात परराज्यातल्या गिऱ्हाइकाला थेट विकलं की कर, पण तिथल्या आपल्याच डेपोला पाठवलं की ती विक्री नव्हे. म्हणून राज्याराज्यांत डेपो, माल विकला नाही, डेपोला पाठवला हे दाखवणाऱ्या फॉर्म एफची कागदपत्रं, आणि साठ्याचे लहान-लहान ढिगारे. इथे तर पुण्याची शाखा नि चिंचवडची शाखा यांच्यामध्येही महापालिकेची हद्द आणि जकात होती. ती 2013 च्या एप्रिलपासून गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता 2015 च्या ऑगस्टमध्ये सुटला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर राज्यातल्या राज्यात, एकाच नोंदणीवर, शाखेकडून शाखेकडे माल डिलिव्हरी चलनावर जाऊ लागला. परराज्यात पाठवताना कर भरावा लागतो, पण तो पुढे वळता होतो.

उरली माणसं. संगणकावर दुसऱ्या शाखेत दोन नग दिसतात. फोन केला की उत्तर येतं, ‘ते बुक झालेत.’ खरं तर झालेले नसतात. इन्सेन्टिव्ह ज्याच्या त्याच्या शाखेच्या विक्रीवर असल्यावर माल कोण सोडेल? गल्लीत ही अडचण नाही, कारण उद्या चिठ्ठी उलट दिशेने यायची असते. पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात एलईडी माळांसाठी सगळ्याच दुकानांत रेटारेटी असते, आणि पोऱ्या चिठ्ठी घेऊन तसाच परत येतो.