फटफटीवरील दूरप्रवास

फटफटीवरील दूरप्रवास : उत्पादन थांबलेल्या किंवा जुन्या घडणीच्या मोटारसायकलीवरून शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जाणे आणि गाडी अडेल तेथील हौशी गाडीवाले व मिस्त्री यांच्या मदतीने ती पुढे काढणे, अशी प्रथा. ही नोंद मुंबई आणि मुंबईहून निघणारे मार्ग यांपुरती आहे. स्कूटरवरचे प्रवास आणि कंपन्यांनी आखून दिलेल्या सहली तीत धरलेल्या नाहीत.

संज्ञा : ‘फटफटी’ हा ध्वनीवरून आलेला शब्द असून त्याबद्दल फारसा वाद नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, तर पहिली मोटारसायकल मानले जाणारे डाइमलरचे वाहन १८८५ चे. त्यामुळे या अर्थाने हा शब्द त्या कोशात असणे शक्य नाही, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचा असू शकत नाही. ‘फटफटणे’ म्हणजे उजाडणे हे क्रियापद वेगळे. लांबच्या वाटेचे लोक फटफटण्यापूर्वीच मुंबईबाहेर पडतात, म्हणून दोहोंची सांगड घालण्याचा मोह होतो, पण तिला आधार नाही.

खरा घोळ ‘व्हिंटेज’ या शब्दाचा आहे. इंग्लंडमधील मोटारींच्या जुन्या वर्गीकरणात १९१९ ते १९३० या काळातील गाड्याच व्हिंटेज ठरतात. तेथीलच जुन्या मोटारसायकलींच्या मंडळाला (स्थापना १९४६) पंचवीस वर्षांचे वय पुरते, तर जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ तीस वर्षे धरतो. भारतात २०२१ सालच्या जुलैपर्यंत कायद्याची अशी व्याख्याच नव्हती. त्या महिन्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरली. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे व देखभाल एवढ्याच कारणांसाठी. म्हणजे कायद्याने व्हिंटेज ठरलेल्या गाडीवर मुंबईहून म्हैसूरला सहज म्हणून जाता येत नाही, आणि ज्या गाड्या प्रत्यक्षात जातात त्या कायद्याने बहुधा व्हिंटेज नसतात. त्या साध्या नोंदणीवर असतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी त्यांची तपासणी होते आणि पर्यावरण कर भरला जातो. पन्नाशी उलटलेल्या गाडीचे मालकही नवा क्रमांक घेण्यास फारसे उत्सुक नसतात. ‘बीएम’ने सुरू होणारा जुना मुंबईचा क्रमांक (१९८९ पासून ‘एमएच’ पद्धत आली) जपण्याची हौस हे त्याचे एक कारण. फिरण्यावर येणारी बंदी हे दुसरे आणि अधिक वजनाचे.

या व्यवहारात वयापेक्षा वेगळी कसोटी अधिक उपयोगी पडते, असे दिसते. जिचे सुटे भाग दुकानात मागून मिळत नाहीत, माणसांना विचारून मिळवावे लागतात, ती जुनी गाडी. या हिशेबाने १९८३ ची राजदूत ३५० ही जुनी ठरते, जरी कायद्याची पन्नास वर्षे तिला २०३३ मध्ये भरतील. उलट १९७० ची बुलेट तितकीशी जुनी राहत नाही, कारण तिचे बरेच भाग आजही नवे मिळतात.

पूर्वपीठिका : मुंबईहून निघालेल्या लांबच्या दुचाकी प्रवासांची सुरुवात मोटारसायकलीने झाली नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून मुंबईहून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. काही हौशी मंडळी आपली परंपरा येथपर्यंत नेतात. परंपरा म्हणण्याइतकी सलगता मध्ये नाही, हे मान्य करावे लागते. तथापि पुढच्या मुक्कामी ओळखीचा माणूस शोधून ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे. टेड सायमन यांनी १९७३ ते १९७७ या काळात ५०० सीसी ट्रायम्फवरून केलेल्या जगप्रवासात भारतही होता. त्यांचा दाखला मुंबईच्या गाडीवाल्यांत वरचेवर दिला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा ब्रिटिश गाड्या ‘डिस्पोजल’च्या मालातून बाजारात आल्या. बीएसए एम२० आणि नॉर्टन १६एच या त्यांतल्या साइड-व्हॉल्व्ह एंजिनाच्या, वेगाने मंद पण सोशीक गाड्या होत. देशी उत्पादनाची सुरुवात बुलेटने झाली. मात्र तिच्या सरकारी मागणीचे वर्ष आणि आकडा यांवर एकमत नाही. काही ठिकाणी १९५२ व ५०० गाड्या असा उल्लेख येतो, तर काही ठिकाणी १९५४ च्या सुमारास ८०० असा. दोन वेगळ्या मागण्यांची सरमिसळ झाली असणे अशक्य नाही. १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे जुळणी सुरू झाली, एवढे निश्चित. ३४६ सीसी, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) ही तिच्या एंजिनाची मापे पुढे अनेक दशके टिकली. इंग्लंडमधील रेडिचचा मूळ कारखाना बंद झाल्यावरही मद्रासची गाडी त्याच मापांवर चालू राहिली आणि म्हणून आज तिचा पिस्टन शोधणाऱ्याची फारशी अडचण होत नाही.

जावाचे तसे नाही. प्राग येथे १९२९ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांवरून आले, हे निर्विवाद आहे. भारतात रुस्तम इराणी व फारुख इराणी यांनी महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांच्या पाठिंब्याने म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी काढली. उत्पादनाचा आरंभ १९६०–६१ मधला. सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात गाडीवर ‘येझदी’ हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. ‘येझदी’च्या व्युत्पत्तीबद्दल दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते हे नाव चेक भाषेतील ‘येझ्दी’ म्हणजे ‘(गाडीने) जातो, चालवतो’ या क्रियापदरूपावरून आले. ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळत असल्याने हे मत आकर्षक वाटते आणि म्हैसूरचे प्रागशी तांत्रिक संबंधही होतेच. दुसऱ्या पक्षाच्या मते ते इराणमधील यझ्द या शहरावरून आले. मुंबईतील इराणी जरथुष्ट्री घराण्यांपैकी पुष्कळांचे मूळ यझ्द वा केरमान भागातले आहे आणि ‘येझदी’ हे पारशी-इराणी समाजात माणसाचे नाव म्हणूनही रूढ आहे. फोर्टमधील यझदानी बेकरीची पाटी वाचणाऱ्याला हे नादसाम्य नवे नाही. मात्र ‘यझदान’ म्हणजे परमेश्वर हा शब्द निराळा, त्याचा येथे आधार घेऊ नये. मालकांचे कूळ पाहता यझ्दचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. चेक अर्थ नंतर सापडलेला सुखद योगायोग असावा.

यंत्राच्या मर्यादा : मुंबईहून कोणत्याही दिशेने देशावर जायचे तर घाट चुकत नाही, आणि जुन्या गाडीची पहिली परीक्षा तेथेच होते. चढावर एंजिन तापते हे सर्वांना ठाऊक असते. जावा-येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीला उतारही तितकाच घातक आहे, हे नवख्याला ठाऊक नसते. या एंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते (लिटरमागे साधारण ३० ते ४० मिलि). कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. चाकांच्या ओढीने एंजिन मात्र वेगाने फिरत राहते आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. म्हणून जाणते लोक उतारावर क्लच दाबतात किंवा अधूनमधून ॲक्सिलरेटर पिळतात. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात, जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला असतो. मदतीला आलेल्याने चाचणीसाठी गाडी घेतली की याचा पहिला विसर पडतो.

सहा व्होल्टची वीजयंत्रणा रात्रीच्या प्रवासाला पुरत नाही. त्यामुळे मुक्काम दिवसाउजेडी गाठण्याची पद्धत आहे. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट (सुमारे ०.४ मिमी) लांबच्या वाटेवर सरकते, कंडेन्सर तापून दगा देतो, आणि ‘स्पार्क येतोय, पण गरम झाल्यावर जातो’ हे वाक्य मदतीच्या निरोपांत वारंवार आढळते.

अलीकडे इथेनॉलमिश्रित पेट्रोलची भर पडली आहे. शिशाचे पेट्रोल २००० सालापर्यंत गेलेच होते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे मिश्रण टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते. पेट्रोल-कॉकमधील बुचाची चकती, जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे जस्तमिश्रित अंग यांवर त्याचा परिणाम होतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या मापाच्या जेटवर (कार्बोरेटरमधील पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून, एंजिन अधिक तापते. उपाय म्हणून एक माप मोठा मेन जेट घालतात. तोच मनुष्य लडाखला निघाला तर उंचीवरच्या विरळ हवेसाठी त्याला लहान जेट लागतो. दोन्ही बरोबर ठेवणे उत्तम.

साहाय्याची रीत : गाडीवाले दोन प्रकारच्या मदतीत काटेकोर भेद करतात, बाहेरच्यांना तो लवकर लक्षात येत नाही. हौशी माणूस श्रमाचे पैसे घेत नाही. त्याने दिलेला भाग एक तर किंमत देऊन घ्यायचा, नाही तर घरी पोचल्यावर तसाच भाग शोधून परत पाठवायचा, आणि दुसरी रीत अधिक मानाची समजतात. मिस्त्री किंवा उस्ताद मात्र या कामावर पोट भरतो. त्याला सांगेल ती मजुरी द्यायची, त्याच्याशी घासाघीस करणे हलकेपणाचे मानले जाते. रात्री दुकान उघडून एंजिन खोलणाऱ्या उस्तादाला ‘आपलाच माणूस’ म्हणून फुकटात गुंडाळल्याने मंडळींत कटुता आल्याचे प्रकार घडतात.

पूर्वी निरोप ट्रंक कॉलने किंवा कोणाच्या तरी दुकानाच्या फोनवर जात असे. आता मोबाइलवरच्या गटांतून जातो. निरोपात ‘गाडी बंद पडली’ एवढेच लिहिणाऱ्याला उत्तर मिळते, पण उपयोगाचे नाही. गाडी कोणती, साल कोणते, स्पार्क आहे का, पेट्रोल खाली येते का, आणि आपण कोणत्या फाट्यावर उभे आहोत, हे कळवावे लागते. भाग मुंबईत असेल तर तो एसटीच्या पार्सलने किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देऊन पाठवतात. बसचा क्रमांक आणि ड्रायव्हरचा मोबाइल कळवला की सकाळी सहाला कोल्हापूरच्या नाक्यावर क्लचप्लेट हातात पडते. मदत करणारा पुढच्या गावच्या माणसालाही कळवून ठेवतो. ही साखळी नाशिक, धुळे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या मार्गांवर दाट आहे, तर कोकणात चिपळूणच्या खाली ती विरळ होते.

मुंबईतील पुरवठ्याची ठिकाणे ठरलेली आहेत : ऑपेरा हाऊसचा सुट्या भागांचा बाजार, चोर बाजार आणि कुर्ला-कालिना पट्ट्यातील भंगारवाले. जो भाग कोठेच मिळत नाही तो लेथवर करून घेतात. त्यासाठी पुण्याच्या नाना पेठेपेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांवर अनेकांची भिस्त असते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजऱ्या होणाऱ्या जावा दिवसाला नव्या ओळखी होतात, तो नेमका भर पावसात येतो.

मार्ग व निर्बंध : सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांवर मोटारसायकलींना मनाई आहे. त्यामुळे शहरातून निघण्याच्या वाटा पन्नास वर्षांपूर्वी होत्या जवळपास त्याच राहिल्या आहेत. पुण्याकडे जाणारे बोरघाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी थांबतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे स्थान, अशी आख्यायिका आहे. तेथे नाणे टाकण्याची ट्रकवाल्यांची चाल गाडीवाल्यांनीही उचलली. एंजिन थंड करण्यास तेवढेच निमित्त.

उत्तरेकडे जाणाऱ्यांना दिल्ली टाळावी लागू लागली. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांना तेथे मनाई करणारा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये कायम केला. त्यामुळे काही जण गाडी रेल्वेच्या पार्सलने पुढे पाठवून तेथून प्रवास सुरू करतात, किंवा परतीला गाडी पार्सलने आणतात. रेल्वेत चढवण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. काढलेले पेट्रोल स्टेशनवर सोडायला आलेल्याच्या गाडीत ओतले जाते आणि त्याचे पैसे विचारण्याची पद्धत नाही.