माउथऑर्गनपुढे मिक्सर आला, त्याची पूर्वपीठिका

जुन्या, गोळीच्या आकाराच्या बुलेट माइकची वायर लहान मिक्सरच्या (अनेक माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) माइक इनपुटला जोडली, की माउथऑर्गनचा आवाज बहुधा पातळ आणि चिरका येतो. वाद्य तेच, वाजवणारा तोच, मग गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा भरदार सूर कुठे जातो, हा प्रश्न बहुतेक वादकांना पहिल्याच दिवशी पडतो. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शिकागोत आहे.

जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावच्या होनर कंपनीचा दहा छिद्रांचा 'मरीन बँड' 1896 पासून बाजारात होता आणि स्वस्त असल्यामुळे तो अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या खिशात सहज पोचला. शिकागोतील मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात आणि दारूच्या गुत्त्यांत ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्यापुढे माउथऑर्गनच्या धातूच्या पट्ट्यांचा आवाज बुडू लागला, तेव्हा वादकांनी हाताला लागेल तो माइक घेतला. हे माइक गाण्यासाठी केलेले नव्हतेच. शुअर कंपनीने 1949 च्या सुमारास काढलेला 520, ज्याला पुढे 'ग्रीन बुलेट' हे नाव पडले, किंवा अ‍ॅस्टॅटिकचा जेटी-30, हे रेडिओ संदेश आणि ध्वनिक्षेपकावरील घोषणा यांसाठीचे माइक होते. गोळीसारखा आकार मुठीत बसायचा, म्हणून ते वादकांना सोयीचे पडले.

डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत वाद्य धरायचे, त्याच्या पाठीशी माइक टेकवायचा आणि दोन्ही तळव्यांनी फट उरू न देता दोन्ही झाकून टाकायचे, ही पकड येथे सर्वात महत्त्वाची. तळव्यांच्या बंद पोकळीत वरचे सूर दबतात, खालचे वाढतात आणि माइकवर इतका जोर येतो, की त्यापुढच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज किंचित फाटू लागतो. शिकागोचा माउथऑर्गनवादक लिटल वॉल्टर याने 12 मे 1952 रोजी ध्वनिमुद्रित केलेले 'जूक' आठ आठवडे बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिले राहिले आणि फाटणे हा दोष न राहता वाद्याचा स्वतंत्र आवाज ठरला.

मिक्सरचा वंश मात्र वेगळा आहे. आवाज न बिघडवता एकत्र करणे, हेच त्याचे काम. ग्रेग मॅकीने टॅपको कंपनीतर्फे 1970 च्या दशकात रॉक बँडसाठी छोटे मिक्सर काढले आणि 1988 मध्ये स्थापन केलेल्या त्याच्या स्वतःच्या कंपनीमुळे पुढच्या दशकात ते घरोघरच्या स्टुडिओंत पोचले. येथेच जुन्या माइकशी त्याचे बिनसते. जेटी-30 सारख्या क्रिस्टल, म्हणजे स्फटिकावर चालणाऱ्या, माइकला अ‍ॅम्प्लिफायरच्या साधारण दहा लाख ओहम किंवा त्याहून अधिक प्रतिबाधेच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) इनपुटची सवय असते, तर मिक्सरचा माइक इनपुट अवघ्या दोन-तीन हजार ओहमचा असतो. त्यामुळे खर्ज गळतो आणि उरतो तो नुसता चिरकेपणा. (या माइकमधील रोशेल मिठाचा स्फटिक दमट हवेत आणि उष्णतेत खराब होतो, तेव्हा कोकणच्या पावसाळ्यात जुना क्रिस्टल माइक जपणाऱ्याला माझ्या मते सिलिका जेलची डबी मिक्सरहून अधिक गरजेची आहे.)

यावर वादकांनी काढलेले उपाय साधे आहेत. मध्ये प्रतिबाधा जुळवणारा ट्रान्सफॉर्मर किंवा जादा प्रतिबाधेचा प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण संकेत आधी वाढवणारे मंडल) ठेवणे, नाहीतर क्रिस्टल सोडून गाण्याचा साधा डायनॅमिक माइक घेणे, जो मिक्सरला तसाच चालतो. फाटलेला आवाज मग पेडलमधून (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या पेटीतून) आणावा लागतो, कारण मिक्सरचा ट्रान्झिस्टर प्रीअ‍ॅम्प मर्यादेपलीकडे गेला, की व्हॉल्व्हसारखा हळूहळू नव्हे, तर एकदम करकरीत तुटतो. 1998 च्या लाइन 6 पॉडसारख्या अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्या पेट्या आल्यावर हा मार्ग अधिक सुकर झाला.

आज लहान मंचावर वादक एका चॅनेलवर गाण्याचा कोरा माइक आणि दुसऱ्यावर पेडलमधून आलेला माउथऑर्गन लावतो, दुसऱ्याचा ट्रेबल उतरवतो, गेन (येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) लाल दिवा लुकलुकण्याच्या जरा आधी थांबवतो आणि सभागृहाच्या यंत्रणेला आपल्या हिशेबाने जुळवलेली एकच जोडणी देतो. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी पडू लागली, तर तो आधी तळहात थोडे सैल सोडतो. फेडरकडे, म्हणजे चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीकडे, हात त्यानंतर जातो.