ओढायचं वजन आणि हुकवर बसणारं वजन

तारकर्ली-देवबागला किंवा दापोलीजवळच्या मुरुडला वॉटर स्पोर्ट्सवाले जेट-स्की किंवा छोटी फायबर बोट ट्रेलरवर चढवतात आणि गाडीमागे लावून नेतात. ‘गाडी किती ओढेल?’ हे जो तो विचारतो. हुकवर किती वजन बसलेलं चालेल, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि हिचला (गाडीच्या मागे बसवलेल्या, ट्रेलर अडकवायच्या जोडणीला) एक्स्टेंशन, म्हणजे फूट-दीड फुटाची जादा दांडी लावली की आधी मार खातो तो हाच दुसरा आकडा.

पहिलं वजन सगळ्याचं मिळून: ट्रेलर, बोट, इंजिन, पेट्रोल, नांगर, दोरखंड. दुसरं म्हणजे ट्रेलरचं तोंड हुकच्या बॉलवर जेवढं दाबतं तेवढंच. साध्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, बोटीच्या ट्रेलरला बरेचदा थोडं कमी. ६०० किलोच्या ट्रेलरचे हुकवर ६० किलो धरू.

पेट्रोलचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन बोटीच्या नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून उचलून मागे इंजिनाशी ठेवा. एकूण वजन तसूभर बदललं नाही. पण कॅनचे ३० किलो तीन मीटर मागे गेले आणि बॉलपासून ट्रेलरचा अ‍ॅक्सल चार मीटरवर असेल, तर हुकवरचे ६० किलो ३७-३८ वर येतात. तोंड असं हलकं झालं की उतारावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. उलट, बोटीत पावसाचं पाणी साचून पुढे सरकलं तर दोन्ही वजनं वाढतात.

आता एक्स्टेंशन. ते लावण्यामागची कारणं खरी आहेत. बोलेरोच्या मागच्या दाराला स्टेपनी असते, दार उघडलं की ट्रेलरच्या तोंडाशी अडतं. रॅम्पवर बोट उतरवताना गाडीची चाकं खाऱ्या पाण्यात घालायची नसतात. पण भरलेली कळशी कमरेवर घेणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे. हिचमध्ये दांडी अडकवणाऱ्या पिनपासून बॉल २५ सेंटिमीटरवर होता, तो ४५ सेंटिमीटरच्या दांडीमुळे ७० वर गेला. त्याच ६० किलोंनी हिचवर येणारा वाकवणारा जोर जवळपास तिप्पट झाला. गाडीचंही तेच. बोलेरोचा व्हीलबेस २६८० मिलिमीटर. बॉल मागच्या चाकाच्या ११० सेंटिमीटर मागे असेल तर पुढच्या चाकांवरचे सुमारे २५ किलो उचलले जातात, १५५ वर गेला तर ३५. हुकवरचे ६० किलो मागच्या चाकांवर येतातच, वर हा उचललेला भारही त्यांच्यावरच येतो. हा हिशोब गाडी उभी असतानाचा. स्पीडब्रेकरवर दणका बसला की काही क्षण आकडे कितीतरी वर जातात.

सरळ रेषेत ओढायला मात्र दांडीची लांबी आड येत नाही. मग एक्स्टेंशन लावल्यावर ओढायची क्षमताही का कमी धरतात? कारण रस्ता सरळ नसतो. घाटातल्या वळणावर ट्रेलर आडवा जोर लावतो, लांब दांडीमुळे तो गाडीची मागची बाजू जास्त फिरवतो, आणि जोडात ढिलाई असेल तर प्रत्येक धक्क्याला ठोका बसतो. म्हणून एक्स्टेंशन बनवणारे बरेचदा दोन्ही आकडे सरळ निम्मे करायला सांगतात. हिचवर १५०० आणि १५० लिहिलं असेल, तर ७५० आणि ७५. आपला ६००-६० चा ट्रेलर यात बसतो. पण तोच पुढे भरून हुकवर ९० किलो आले, तर ओढायचं वजन मर्यादेत असूनही जोडणी मर्यादेबाहेर. गाडी, हिच, एक्स्टेंशन, बॉल यांतला सगळ्यात लहान आकडा धरायचा. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने जोडून दिलेल्या पाइपवर आकडाच नसतो. तो मी तरी लावणार नाही, आणि खाऱ्या हवेत आतून गंजलेला तर नाहीच.

हुकवरचं वजन मोजायला घरचा वजनकाटा पुरतो: ट्रेलर सपाट जागी, चाकांना दगड, तोंड नेहमीच्या उंचीवर काट्यावर टेकवायचं. काट्याची मर्यादा तेवढी आधी बघा. एकूण वजनासाठी मात्र गाड्या तोलायच्या मोठ्या काट्यावरच जावं लागतं.

रॅम्पपुरतीच लांबी हवी असेल तर एक्स्टेंशन तिथेच लावा आणि रस्त्याला लागण्याआधी काढा. कायमची हवी असेल तर ट्रेलर बनवणाऱ्याकडून ट्रेलरचीच दांडी लांब आणि तेवढी मजबूत करून घ्या. त्याने हुकवरचं वजन उलट थोडं उतरतं, म्हणून ते पुन्हा मोजून सामान थोडं पुढे घ्यायचं. आणि दिव्यांची वायर, सेफ्टी चेन नव्या लांबीला पुरतात का तेही बघायचं.