अणुवीज अडते ती व्याजात

पुण्यातल्या एखाद्या टू बीएचके फ्लॅटला महिन्याला 200 युनिट वीज लागते असं धरू. एक ग्रॅम युरेनियम-235चं पूर्ण विखंडन झालं, म्हणजे त्याचे सगळे अणू फुटले, तर सुमारे 24,000 युनिट इतकी उष्णता मिळते आणि तिच्यातल्या तिसऱ्या हिश्शाची वीज होते. म्हणजे त्या घराचं तीन वर्षांहून जास्त भागलं. प्रत्यक्षात खाणीतल्या युरेनियममध्ये हा प्रकार जेमतेम 0.7 टक्के असतो आणि तोही सगळा जळत नाही. तरीसुद्धा आपल्या जड पाण्याच्या (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या) अणुभट्ट्यांत एक किलो नैसर्गिक युरेनियम 50,000 युनिटच्या आसपास वीज देतं. तेवढ्यासाठी औष्णिक केंद्राला तीसेक टन कोळसा जाळावा लागेल.

मग तारापूर 1969 साली सुरू होऊनही देशाच्या विजेत अणूचा वाटा अजून 3 टक्क्यांच्या आसपासच का? किरणोत्सर्गाची भीती, फुकुशिमा, आण्विक कचरा ही उत्तरं खोटी नाहीत. पण विकसनशील देशाचं खरं दुखणं मला बँकेच्या वहीत दिसतं.

अणुकेंद्रात इंधन स्वस्त आणि बांधकाम महाग. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतलेल्या पुणेकराला हे समजावून सांगायला नको: ताबा लांबतो, हप्ते मात्र थांबत नाहीत. 100 रुपयांचं बांधकाम 9 टक्के व्याजाच्या कर्जावर, दरवर्षी सारखा खर्च करत 5 वर्षांत उरकलं, तर वीज सुरू होईपर्यंत देणं साधारण 125 रुपये होतं. त्यालाच 12 वर्षं लागली तर 175. सिमेंट तेवढंच, पोलाद तेवढंच, आणि महागाई यात धरलेलीही नाही.

फिलिपिन्सने याचा कडेलोट पाहिला. बातानचं 621 मेगावॅटचं केंद्र 1980च्या दशकात बांधून झालं. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची सत्ता गेली, चेर्नोबिल घडलं आणि केंद्राला कुलूप लागलं. त्यातून एक युनिटही वीज निघाली नाही. कर्ज मात्र 2007पर्यंत फेडलं. दक्षिण कोरियाची पहिली अणुभट्टी 1978ची. त्यांनी मोजकेच आराखडे धरून त्याच त्या भट्ट्या पुन्हा पुन्हा बांधल्या, कामगार आणि पुरवठादार टिकवले, आणि 2009मध्ये संयुक्त अरब अमिरातीचं कंत्राट मिळवलं.

आपल्याकडे कोरियासारखं काय आहे? जड पाण्याची भट्टी. तिला समृद्ध, म्हणजे 235चं प्रमाण वाढवलेलं, युरेनियम लागत नाही, आणि सगळं इंधन एकत्र ठेवणारं, मोजक्याच कारखान्यांना घडवता येणारं अजस्र दाबपात्रही लागत नाही. त्याऐवजी 700 मेगावॅटच्या भट्टीत इंधन ठेवायच्या 392 दाबनलिका असतात. त्या ज्या आडव्या टाकीतून जातात ती कॅलँड्रिया. अशा टाक्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला बनल्या आहेत, साखर कारखान्यांची यंत्रं घडवणाऱ्या गावात! होमी भाभांच्या काळातल्या या निवडीचं श्रेय पुढे आपल्याकडच्या थोरियमपासून वीज करण्याच्या स्वप्नाला जास्त मिळतं. मला तिच्यातला कारखानदारी व्यवहारच जास्त मोलाचा वाटतो.

पण वेळ? गुजरातेतल्या काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं, म्हणजे 700 मेगावॅटच्या पहिल्या भट्टीचं, काँक्रीट 2010मध्ये पडलं, व्यावसायिक वीज 2023मध्ये आली. राजस्थानातली तशीच सातवी भट्टी 2011 ते 2025. पहिलीला उशीर समजू शकतो. पुढचीलाही तेवढाच लागला, हे खटकतं. शिवाय या मधल्या काळात सौर पॅनेल आणि बॅटऱ्या कुठल्या कुठे स्वस्त झाल्या. अणूची गरज उरते ती सूर्य मावळल्यावर, लिफ्ट आणि एसी एकदम चालू होतात तेव्हा, आणि पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांत. ही गरज खरी आहे, पण तिला आता स्पर्धक आहेत.

2047पर्यंत 100 गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुवीज क्षमतेचं सरकारी उद्दिष्ट आहे. आज हाताशी 9 गिगावॅटच्या आसपास. अशा वेळी जैतापूरला 1,650 मेगावॅटच्या सहा फ्रेंच ईपीआर (दाबाखालच्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या) भट्ट्या आणायचा बेत मला पटत नाही. फिनलंडला अशी एक भट्टी उभारायला 2005 ते 2023 लागली, खुद्द फ्रान्सला फ्लामनव्हिलमध्ये 2007 ते 2024. चीनने ताइशानला ती सुमारे 9 वर्षांत चालवून दाखवली हे खरं, पण चीनइतकी सलग बांधकामं आपण कधी केलेली नाहीत. त्यापेक्षा 2017मध्ये मंजूर झालेल्या 700 मेगावॅटच्या दहा भट्ट्या सात-सात वर्षांत उभ्या राहिल्या, तरच जैतापूरचा विषय पुन्हा काढावा.