‘ऑब्जेक्शन’ची पूर्वपीठिका

दूरचित्रवाणीवरील न्यायालयीन मालिकेचा भाग घरात चारचौघांत पाहिला जात असेल, तर बोलणे हमखास एका जागी अडते. साक्षीदाराला प्रश्न विचारला जातो, समोरचा वकील ताडकन उठून ‘ऑब्जेक्शन, मिलॉर्ड’ म्हणतो, न्यायाधीश त्याच क्षणी ती हरकत मान्य किंवा अमान्य करतात आणि खटल्याचे पारडे फिरते. बांधाच्या किंवा वाटणीच्या दाव्यात ज्याने कोर्टाची पायरी झिजवली आहे असा घरातला एखादा ज्येष्ठ तेवढ्यात ‘असं कुठं असतंय व्हय?’ म्हणतो, आणि कायद्याचे शिक्षण घेणारी नात ‘आता असंच पाहिजे, आबा’ असे त्याला ऐकवते. मराठवाड्यातील अनेक घरांत हा संवाद कमीअधिक फरकाने घडतो. दोघांचे म्हणणे आपापल्या काळापुरते खरे आहे आणि त्या दोन काळांत वीस वर्षांचे अंतर आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. निजामाच्या राजवटीत इथल्या न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले आणि हरकतीला ‘उज्र’ म्हणत. ज्या १८७२च्या पुराव्याच्या कायद्यावर पडद्यावरचे सगळे वकील बोट ठेवतात, तो मराठवाड्याला १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला, तोही हैदराबाद राज्य भारतात विलीन झाल्यानंतर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश मुंबई राज्याला जोडला गेला, पण कागदांची भाषा एका रात्रीत बदलत नाही. जमिनीच्या जुन्या दाव्यात आजही उर्दू वाचणारा माणूस शोधत फिरावे लागते. त्यामुळे ‘मुद्दई’ (दावा लावणारा), ‘दफा’ (कलम), ‘ताजीरात’ (दंडसंहिता) हे हिंदी पडद्यावरचे शब्द पुण्याच्या प्रेक्षकाला नाटकी वाटले असतील, परभणीच्या म्हाताऱ्याला ते ओळखीचेच होते.

उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये औरंगाबादला बसू लागले. तोवर इथल्या सामान्य माणसाने उच्च न्यायालय पाहिले असेल तर बहुधा चित्रपटात.

मालिकांमधला ‘ऑब्जेक्शन’चा साचा परदेशातून आला. अमेरिकेत १९५७ ते १९६६ या काळात गाजलेल्या एका वकील-मालिकेने ठरावीक घडण रूढ केली: अशील निर्दोष असतो, खरा गुन्हेगार भर कोर्टात उलटतपासणीत कोसळतो, आणि मधल्या हरकती म्हणजे त्या चढाईतले टप्पे असतात. हीच घडण पुढे हिंदी वाहिन्यांनी उचलली. तिला आपल्या न्यायालयातील गती मानवत नाही. आपल्याकडे साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात, ते टंकलिखित होते आणि मग पुढचा प्रश्न येतो. पडद्यावर दोन मिनिटांत संपणाऱ्या उलटतपासणीला प्रत्यक्षात दोन तारखाही पुरत नाहीत. शिवाय मालिकेतील वकील उलटतपासणीतच ‘हा सूचक प्रश्न आहे’ अशी हरकत घेतात, जेव्हा की कायद्याने सूचक प्रश्नाला, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नाला, अडसर आहे तो सरतपासणीत, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाचाच वकील त्याला विचारतो तेव्हा. उलटतपासणीत तो विचारता येतो. ही चूक इतक्या भागांत पाहिली आहे की आता तिच्याकडे शैली म्हणूनच पाहावे लागते.

खरा गुंता मात्र मालिकांनी निर्माण केलेला नाही. तो २००१ सालच्या एका निकालातून आला. गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न असा होता की, साक्षीपुराव्याच्या ओघात एखाद्या कागदाच्या किंवा तोंडी पुराव्याच्या ग्राह्यतेवर हरकत आली तर कनिष्ठ न्यायालयाने काय करावे. तोपर्यंतच्या पद्धतीत न्यायालय लगेच निर्णय देई, नाराज पक्ष त्याविरुद्ध वर जाई आणि मूळ खटला तिथेच थबके. यावर न्यायालयाने तोडगा काढला: हरकत नोंदवून घ्यावी, कागदाला तात्पुरती निशाणी (पुराव्यातला क्रमांक) द्यावी, साक्ष पुढे चालवावी आणि हरकतीचा निवाडा अंतिम निकालाच्या वेळी करावा. खटले रेंगाळू नयेत हा हेतू उघडच चांगला होता, आणि तालुक्याच्या न्यायालयांतील प्रलंबित दाव्यांचा ढीग पाहता त्याचे स्वागत झाले यात नवल नाही.

परंतु त्याची किंमत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मोजली गेली. हरकत नोंदवून बाजूला ठेवली की प्रश्न उभाच राहतो आणि साक्षीदाराला उत्तर द्यावेच लागते. पुढे वर्षाने निकालपत्रात ‘हा प्रश्न गैरलागू होता’ असे लिहिले गेले तरी दिलेले उत्तर आणि झालेली मानहानी मागे घेता येत नाही. अश्लील किंवा अपमानकारक प्रश्न रोखण्याचे अधिकार न्यायाधीशांना पुराव्याच्या कायद्यात आधीपासून होते, हे खरे. पण ‘नंतर पाहू’ ही सवय एकदा अंगवळणी पडली की अधिकार कागदावर राहतात. त्याच काळात, १९९८ मध्ये, कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना राज्याने काढली होती, त्यामुळे जबानीत ‘प्रश्नास हरकत घेतली, हरकत नोंदवली’ अशी मराठी वाक्ये उमटू लागली. घरातल्या आबांना ठाऊक असलेले कोर्ट ते हेच. तिथे वकील उठतो, बोलतो, बसतो आणि काहीच घडत नाही.

२० एप्रिल २०२१ रोजी फौजदारी खटल्यांतील उणिवांबाबत स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच ही दिशा बदलली. २००१ची पद्धत बंधनकारक मानू नये, प्रश्नावरील हरकतीचा निर्णय साक्ष चालू असतानाच द्यावा, आणि ते शक्य नसेल तर निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असे सांगितले गेले. उच्च न्यायालयांनी त्यानुसार नियम करावेत अशी अपेक्षाही व्यक्त झाली. अप्रस्तुत पुराव्याचे ओझे अपिलापर्यंत वाहत नेण्यापेक्षा ते वेळीच उतरवणे बरे, हा त्यामागचा विचार प्रस्तुत लेखकाला अधिक पटतो. मालिकेचे लेखक या निर्णयाकडे पाहून लिहीत असतील असे नाही, पण पडद्यावरचा ‘लगेच निवाडा’ त्यामुळे पूर्वीपेक्षा कायद्याच्या जवळ आला, आणि नातीच्या बोलण्याला आधार मिळाला.

‘मिलॉर्ड’ची गोष्ट छोटी आहे. २००६ मध्येच वकिलांच्या नियमांत बदल होऊन वरिष्ठ न्यायालयांत ‘युअर ऑनर’ किंवा ‘सन्माननीय न्यायालय’, आणि कनिष्ठ न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतील तसाच शब्द सुचवला गेला. मालिकांतील सत्र न्यायाधीश तरीही ‘मिलॉर्ड’च राहिले. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ जाऊन १०३ आले. तेही पडद्यावर अजून पुरते रुजलेले नाही.

आबांच्या अनुभवाला एक अपवाद २००१च्या निकालातच होता. कागदावर मुद्रांक शुल्क कमी भरले आहे अशी हरकत आली, तर ती पुढे न ढकलता आधी निकाली काढावी, असे तेव्हाही स्पष्ट म्हटले होते. साध्या कागदावरचे वाटणीपत्र किंवा अपुऱ्या मुद्रांकावरचा व्यवहाराचा करार पुढे आला की समोरचा वकील उठतो आणि काम तिथेच थांबते. जमिनीच्या दाव्यांत हे अनेकांनी पाहिले आहे. ज्या वाटणीच्या दाव्याच्या जोरावर आबा ‘असं कुठं असतंय व्हय?’ म्हणतात, त्याच्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, अशी एखादी हरकत तेव्हाच्या तेव्हा निकाली निघालेली सापडण्याचा संभव बराच आहे.