फादरना सांगितलं की पाप माफ?

‘आठवडाभर पाप करा, रविवारी फादरना सांगा, खातं कोरं,’ असा फॉरवर्ड फिरतो. पापनिवेदन, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती माणसाने फादरपुढे दिलेली पापांची कबुली, बाहेरून तसं दिसतंही.

पण कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे परिच्छेद १४५१ ते १४५९ वाचून पाहा. आधी हवा पश्चात्ताप, म्हणजे पापाची घृणा आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय. हा निश्चयच नसेल, तर फादरनी क्षमेचे शब्द उच्चारूनही क्षमा लागू होत नाही. वर नुकसानभरपाई: चोरलेलं परत करायचं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातला जकातदार चौपट फेडायला निघतो!

हेतूचं काय? देवावरच्या प्रेमातून आलेला पश्चात्ताप पूर्ण, शिक्षेच्या भीतीतून आलेला अपूर्ण. तरी पापनिवेदनाच्या संस्कारासाठी तोही चालतो. हे मला फार माणुसकीचं वाटतं. प्रोटेस्टंट पंथांत तर बहुतेक ठिकाणी फादरपुढे कबुली देण्याची सक्तीच नाही.